संस्थेसाठी आवाहन लिहिताय, फोटो काढताय? मग हे आधी वाचा

देणगीचं आवाहन करायचं म्हटलं की बहुतेक संस्थांमधे एकच गोष्ट होते. कोणीतरी फोटोंचं फोल्डर उघडतं, त्यातला सगळ्यात केविलवाणा चेहरा शोधतं, वर "तुमच्या ५०० रुपयांनी हिचं आयुष्य बदलू शकतं" असं टाकतं आणि पोस्ट जाते. थोडेफार पैसे येतातही, मग पुढच्या वेळी परत तेच. मी संस्थांसाठी हेच काम करते, मजकूर लिहिणं, फोटो निवडणं, परदेशी फंडरला रिपोर्ट पाठवणं, आणि सगळीकडे हा समज इतका पक्का बसलाय की असं केल्याशिवाय पैसे येतच नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. नवीन कार्यकर्ते, कंपन्यांच्या सामाजिक निधीचं काम बघणारे सीएसआरवाले, कॉलेजची एनएसएसची मुलं, परदेशातल्या मराठी मंडळात गावासाठी निधी गोळा करणारे, सगळ्यांच्या कामाचं आहे.

एक कसोटी आधीच सांगून ठेवते, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. ज्याचा फोटो लावताय त्याच्या घरात बसून, त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर, ती पोस्ट मोठ्याने वाचून दाखवता आली पाहिजे. वाचताना तुमचा आवाज अडखळला तर तो मजकूर बदलायचा. पूर्वी लंडनमधे लागलेलं पोस्टर इथियोपियातल्या माणसाला दिसायचं नाही म्हणून काहीही लिहिलेलं खपून जायचं. आता पाड्यावर रेंज नसली तरी बाजाराच्या दिवशी तालुक्याला आल्यावर सगळं व्हॉट्सअपवर पोचतं. त्या मुलीचा मामा बघतो, तिचे मास्तर बघतात, दहा वर्षांनी ती स्वतः बघणारे.

केविलवाण्या फोटोंचा हा प्रकार नवा नाही आणि सुरुवातीच्या काळात त्या फोटोत आपल्याच देशातली माणसं होती. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळात विलोबी वॉलेस हूपर नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने मद्रास इलाख्यात उपासमारीने हाडांचा सापळा झालेल्या माणसांना रांगेत बसवून, उभं करून फोटो काढले. फोटोंखाली त्या माणसांची नावं नाहीत, एकाखाली तर "फुकट मदतीस पात्र" अशा अर्थाची ओळ आहे, म्हणजे माणूस कोण ते नाही, त्याला द्यायचं की नाही एवढंच. याने फोटो काढले पण या लोकांना खायला दिलं का, हा सवाल तेव्हाही झाला होता.

त्याच दुष्काळात आपल्या दख्खनमधे पुण्याची सार्वजनिक सभा दुसऱ्याच पद्धतीने काम करत होती. सार्वजनिक काका आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या या सभेने गावोगावची माहिती मागवली, पीक किती बुडालं, धान्याचा भाव काय चाललाय, दुष्काळी कामावर मजुरी किती मिळते आणि तेवढ्यात पोट भरतं का, आणि ते सगळं लिहून छापलं, सरकारपुढे ठेवलं. १८७७ च्या सुरुवातीला, सरकारने दुष्काळासाठी नेमलेल्या सर रिचर्ड टेंपलच्या धोरणाने दुष्काळी कामावरची मजुरी कापली गेली, दिवसाला माणशी एक पौंड धान्य या हिशोबावर आणली, तेव्हा मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी कामं सोडून दिली आणि सभेने त्यांची बाजू मांडली. आता ही दोन चित्रं शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे भूक तीच आहे, पण हूपरच्या फोटोत माणूस नुसता भुकेला आहे आणि सभेच्या कागदात तोच माणूस मजूर आहे, त्याची मजुरी कोणी कापली ते तिथे लिहिलंय आणि त्यावर त्याने काय केलं तेही लिहिलंय. आवाहन लिहायला बसलात की मनात सभेचे कागद असूद्या, एवढंच माझं म्हणणं आहे. बाकी सगळं ते कसं जमवायचं याबद्दल.

इथियोपियाची गोष्ट यासाठी सांगते की कारण गाळलं की काय होतं ते त्यातून सगळ्यात स्पष्ट दिसतं. २३ ऑक्टोबर १९८४ ला बीबीसीवर तिथल्या दुष्काळाबद्दल मायकेल ब्युर्कचा रिपोर्ट लागला, कॅमेरा केनियाच्या मोहम्मद अमीनचा, ठिकाण इथियोपियातलं कोरेम. त्यानंतर जगभर पैसे गोळा झाले, १३ जुलै १९८५ ला लंडन आणि फिलाडेल्फियात एकाच दिवशी मदतनिधीसाठी लाईव्ह एडची मैफल झाली. त्या पैशाने जीव वाचले, ते अजिबात नाकारायचं नाहीये. पण लोकांच्या डोक्यात राहिलं एवढंच की पाऊस पडला नाही म्हणून माणसं मेली. मेंगिस्तूची लष्करी राजवट होती, तिग्राय आणि एरिट्रियात युद्ध चालू होतं, बंडखोरांच्या भागात धान्य जाऊ दिलं जात नव्हतं, लोकांना जबरदस्तीने उत्तरेकडून दक्षिणेला हलवत होते आणि त्यावर उघड बोलल्यावर १९८५ च्या अखेरीस डॉक्टरांच्या एमएसएफ या संस्थेच्या फ्रेंच शाखेला देशाबाहेर काढलं, हे सगळं चित्रातून गायब झालं. पुढे पंधरा-सोळा वर्षांनी ब्रिटनमधे व्हीएसओ या संस्थेने पाहणी केली तर ८० टक्के लोकांच्या मनात विकसनशील देश म्हटलं की दुष्काळ, आपत्ती आणि पाश्चात्त्यांची मदत एवढंच येत होतं. म्हणजे त्या एका चित्राने नुसते पैसे आणले नाहीत, आफ्रिका हा ५४ देशांचा खंड त्या पिढीच्या मनात एका रडणाऱ्या बाळाएवढा करून टाकला. हे नुकसान कुठल्या रिपोर्टमधे मोजलं जात नाही.

तेव्हापासून या क्षेत्रातल्या लोकांनीच बरीच दुरुस्ती केलीये. १९९४ साली रेड क्रॉस आणि इतर मोठ्या मदत संस्थांनी आचारसंहिता केली, त्यातलं दहावं कलम याबद्दलच आहे, की आपल्या माहितीत आणि जाहिरातीत आपत्तीत सापडलेल्या माणसांना मान असलेली माणसं म्हणून दाखवायचं, हताश वस्तू म्हणून नाही. २०१२ साली नॉर्वेतल्या विद्यार्थ्यांच्या एका संस्थेने आफ्रिकन तरुणांना घेऊन व्हिडीओ केला, त्यात आफ्रिकेतले लोक थंडीने गारठलेल्या नॉर्वेसाठी हीटर गोळा करतात, तो जगभर फिरला कारण एकदा आरसा उलटा धरला की समजवावं लागत नाही. ब्रिटनच्या कॉमिक रिलीफ या निधी गोळा करणाऱ्या संस्थेने २०२० मधे जाहीर केलं की सेलिब्रिटींना आफ्रिकेत पाठवून फिल्म करणं बंद, तिथल्याच फिल्मवाल्यांकडून तिथल्या गोष्टी करून घेणार. आपल्याकडे मात्र अजून बऱ्याच संस्था त्या १९८४ च्याच साच्यात आहेत आणि वाईट वाटतं ते याचं की तो साचा बाहेरून आलेल्या फंडरच्या अपेक्षेतून आला, आता फंडरने सोडला तरी आपण सोडत नाही.

आता कोणीतरी म्हणेलच, पण एका मुलीच्या फोटोने पैसे जास्त येतात हे खरं आहे ना. हो, खरं आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला प्रयोग या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असतो. लोकांना सर्व्हे भरल्याबद्दल पाच डॉलर दिले, एकेक डॉलरच्या नोटा, आणि मग त्यातले काही दान करणार का विचारलं. काहींना मालीमधल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीबद्दल सांगितलं, त्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले. काहींना नुसते लाखो लोकांच्या भुकेचे आकडे सांगितले, त्यांनी १.१४ दिले. तिसऱ्या गटाला रोकियाही दाखवली आणि आकडेही, तर १.४३ वर आले. यातून घ्यायचं काय, तर एका माणसापासून सुरुवात करा आणि त्याच्या डोक्यावर आकड्यांचं ओझं टाकू नका. पण लक्षात घ्या, तिथे तुलना एक माणूस आणि आकडे यांची होती. आता, दुःखी चेहऱ्याला जास्त पैसे मिळतात असं दाखवणारे वेगळे अभ्यासही आहेत, ते मला माहितीयेत आणि तरीही मी म्हणते की करू नका, कारण त्या जास्तीच्या पैशाची किंमत देणारा भरत नाही, आपण भरत नाही, फोटोतली व्यक्ती भरते, आणि तिला कोणी विचारलेलं नसतं.

बरं, आता प्रत्यक्ष काम.

पहिल्या भेटीत कॅमेरा पिशवीतच ठेवा. जमलं तर दुसऱ्या भेटीतही. ज्या गावात संस्थेचं काम रोजचं आहे तिथल्या कार्यकर्तीलाच फोटो काढायला शिकवलंत तर उत्तमच, लोक तिला ओळखतात, तिच्यासमोर अवघडत नाहीत आणि तिला माहीत असतं की कोणत्या घरात आत्ता जायचं नाही. संमती घेताना फॉर्मवर अंगठा घेऊन मोकळं व्हायचं नाही. माणसाच्या बोलीत, पावरी असेल तर पावरीत, कोरकू असेल तर कोरकूत, सांगायचं की हा फोटो फेसबुकवर जाईल, मुंबईच्या कंपनीकडे जाईल, परदेशातही जाईल, तुमच्या गावातले लोक बघतील, चालेल का. आणि हे सांगताना रेशनचं पोतं हातात घेऊन उभं राहायचं नाही, कारण तेव्हा कोणीच नाही म्हणू शकत नाही. मदत आधी, फोटोचं बोलणं नंतर आणि वेगळ्या दिवशी, हे पाळलंत तर निम्मे प्रश्न सुटतात. लॉकडाऊनमधे किट घेताना हात पुढे केलेल्या बायांचे किती फोटो फिरले, त्यातल्या कित्येकींनी पदराने तोंड झाकलेलं दिसतं. तोंड झाकणं म्हणजे नाही म्हणणंच आहे, ते ओळखता आलं पाहिजे.

काढलेला फोटो तिथल्या तिथे स्क्रीनवर दाखवा आणि विचारा की यातला कुठला लावू. लोक स्वतःचा जो फोटो निवडतात तो जवळजवळ नेहमी आपण निवडला असता त्यापेक्षा वेगळा असतो, सरळ उभं राहून, चांगली साडी नेसून, घराच्या दारात किंवा बैलांशेजारी. तो लावा. कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला धरा, मूल जमिनीवर असेल तर तुम्ही बसा, वरून खाली काढलेल्या फोटोत कोणीही लहान आणि बिचारं दिसतं. मुलाला एकटं काढू नका, त्याची आई, आजी, सेविका कोणीतरी तिथे असतंच, त्यांना फ्रेममधून बाहेर ढकललं की बघणाऱ्याला वाटतं या मुलाला जगात कोणी नाही आणि आता फक्त आपणच आहोत.

कुपोषणाचं उदाहरण घेऊ कारण तिथे सगळ्यात जास्त चुकतं. फुगलेलं पोट, बरगड्या, अंगावर कपडा नाही, हा फोटो दर पावसाळ्यात दिसतो. त्याऐवजी दंडघेर पट्टीचा फोटो काढा. अंगणवाडी सेविका मुलाच्या दंडाभोवती पट्टी गुंडाळतेय, एवढीच फ्रेम, तिचे हात आणि पट्टीचा रंग. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत असेल तर लाल, म्हणजे तीव्र कुपोषित, साडेबारापर्यंत पिवळा, त्यापुढे हिरवा. या एका फोटोत मुलाचा चेहरा नाही, मूल उघडं नाही, तरी प्रश्न किती गंभीर आहे ते समजतं, तो मोजता येतो ते समजतं, आणि मुख्य म्हणजे गावातलीच एक बाई तो रोज मोजतेय हेही दिसतं. दोन महिन्यांनी त्याच दंडावर पट्टी पिवळ्यात किंवा हिरव्यात गेली तर तो दुसरा फोटो. बघणाऱ्याला यातून जे कळतं ते शंभर बरगड्यांतून कळत नाही.

कायद्याचं थोडक्यात, पण हे चुकवू नका. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या, गुन्ह्याला बळी पडलेल्या किंवा कायद्याशी संघर्षात आलेल्या मुलाची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. लैंगिक अत्याचाराच्या बाबतीत पोक्सोचं कलम २३ आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्यांसाठी २०१७ चा कायदा आहे. डोळ्यांवर काळी पट्टी मारून भागत नाही, कारण शाळेचा गणवेश, मागची पाटी, आईचा चेहरा, घराचा रंग यावरून गावाला लगेच कळतं कोण ते. आणि आता एआयने बनवलेली गरीब मुलांची चित्रं वापरायची लाट आलीये, संमतीची कटकट नको म्हणून. नका वापरू. ती चित्रं त्याच जुन्या फोटोंवरून शिकलेली आहेत त्यामुळे तेच केविलवाणे चेहरे परत बाहेर येतात, शिवाय लोकांना कळलं की तुमच्या खऱ्या कामावरचा विश्वासही जातो. अॅम्नेस्टीसारख्या मानवी हक्कांच्या संस्थेलाही २०२३ मधे कोलंबियातल्या निदर्शनांची एआय चित्रं टीका झाल्यावर मागे घ्यावी लागली.

मजकुरावर येऊ. मी एक नमुना देते, तो मीच बनवलाय, कोणा एका घरातला नाही, पण असा मजकूर तुम्ही शंभरदा वाचला असेल.

"सातपुड्याच्या दुर्गम पाड्यावरची ही चिमुकली. तिच्या आईला मुलाला काय खायला घालावं हेही माहीत नाही. अज्ञान आणि गरिबीच्या अंधारात हरवलेलं हे बालपण तुमची वाट पाहतंय. फक्त ५०० रुपयांत तिला नवं आयुष्य द्या."

आता हे धडगावच्या त्या पाड्यावर त्या आईसमोर वाचून दाखवायचं आहे असं समजा. तिला माहीत नाही असं तुम्ही म्हणताय आणि ती तर चार मुलं, दोन शेरडं आणि म्हातारी सासू सांभाळतेय. तेच आता असं लिहून बघा.

"धडगाव तालुक्यातली ही आई दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर गुजरातला ऊसतोडणीला जाते आणि उन्हाळ्यात परत येते. पहाटे अंधारातच फडात जावं लागतं, धाकटं मूल फडाच्या कडेला मोठ्या बहिणीकडे असतं. गावच्या अंगणवाडीत त्याचं नाव आहे, पण फडावर अंगणवाडी नाही, त्यामुळे ते सहा महिने ताजा आहारही नाही आणि टीएचआर म्हणजे घरी न्यायचा शिधाही नाही. परत आल्यावर सेविकेने दंडघेर मोजला तर ११.२ भरला. मूल आता गावच्या बाल विकास केंद्रात आहे आणि आईचं म्हणणं आहे की पुढच्या हंगामात फडाजवळ मुलांची सोय झाली तर मोठीची शाळाही बुडणार नाही. आम्हाला तीच सोय करायचीये, एका टोळीमागे एक ताई, एक तंबू, दोन वेळचा आहार."

लांब झालं, मान्य आहे, पण बघा यात काय काय आलं. आई काम करणारी बाई आहे. मूल का वाळलं त्याचं कारण आहे, आणि ते कारण अज्ञान नाही, स्थलांतर आणि न पोचणारी योजना हे आहे. गावात कोणीतरी आधीपासून काम करतंय ते आहे. आणि मागणी कोणाची आहे तर आईची, संस्था त्यात भर घालतेय. देणाऱ्यालाही कळतं की पैसे नेमके कशाला जाणार. मजकूर लिहून झाला की एकच खूण तपासा, वाक्यांमधली क्रियापदं कोणाची आहेत. सगळी "आम्ही दिलं, आम्ही पोचवलं, आम्ही उभं केलं" अशी असतील आणि गावातल्या माणसाच्या वाट्याला फक्त "मिळालं" असेल तर परत लिहा.

आकड्यांबाबत दोन गोष्टी. "आमच्या कामामुळे कुपोषण इतके टक्के घटलं" असं लिहायच्या आधी स्वतःला विचारा की शेजारच्या, तुम्ही काम न केलेल्या गावांत काय झालं. तिथेही तेवढंच घटलं असेल तर ते तुमचं नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेने नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचं काम केलं तेव्हा ३९ गावांत काम आणि ४७ गावं तुलनेला, अशी मांडणी होती, तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले आणि ते १९९९ मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. म्हणून त्या आकड्याला जगात वजन आलं, पुढे २०११ पासून देशभर आशा ताई नवजात बाळांच्या घरी भेटी द्यायला लागल्या त्यामागे हे काम आहे. आणि ते बाळांना वाचवणारं कोण होतं, तर थोडंसं शिकलेल्या गावातल्याच बाया, न्यूमोनिया ओळखायला आणि इंजेक्शन द्यायला शिकलेल्या. ही गोष्ट मला कुठल्याही केविलवाण्या फोटोपेक्षा जास्त देणगी मागणारी वाटते. तुमचं काम एवढं मोठं नसेल तर साधं सांगा, अमुक मुलं आली, तमुक बरी झाली, इतकी परत आजारी पडली. परत आजारी पडली हे लिहायला घाबरू नका, फंडरला त्यानेच खात्री पटते.

चमकदार वस्तूंपासून सांभाळा. दक्षिण आफ्रिकेत प्लेपंप नावाचा प्रकार निघाला होता, मुलं चक्रावर खेळतील आणि त्या फिरण्याने बोअरचं पाणी वर टाकीत चढेल. खेळणारी मुलं आणि वाहणारं पाणी एकाच फोटोत, इतका सुंदर फोटो की २००६ मधे अमेरिकेत त्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलरची घोषणा झाली. नंतर कळलं की ठरवलेलं पाणी मिळायला मुलांनी दिवसाचे २७ तास खेळावं लागेल, प्रत्यक्षात बायांनाच ते जड चक्र ढकलावं लागत होतं आणि बिघडलं की दुरुस्तीला कोणी नाही. तुमच्याकडेही असा फोटोत छान दिसणारा प्रकल्प असेल तर आवाहन करायच्या आधी ती वस्तू वापरणाऱ्या बाईला विचारा की हे चालतं का आणि बंद पडलं तर काय करता.

काय नको तेही आवाहनात लिहा. आपत्तीच्या वेळी हे फार महत्त्वाचं. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत नागपट्टिणमकडे जुन्या कपड्यांचे ढीगच्या ढीग रस्त्याकडेला पडले होते, लोकांनी घेतले नाहीत कारण कोळ्यांनाही आपली आब आहे, आणि ते उचलायला उलट मनुष्यबळ लागलं. पूर आला की आपल्याकडेही ट्रक भरून हेच निघतं. पोस्टमधे स्पष्ट टाका, जुने कपडे नकोत, पाण्याच्या बाटल्या नकोत, ताडपत्री हवी, सॅनिटरी पॅड हवेत, आणि सगळ्यात बरं म्हणजे पैसे, म्हणजे तिथल्याच दुकानातून घेता येईल आणि त्या दुकानदाराचंही चालेल.

"तुमचे १०० टक्के पैसे थेट लाभार्थीला" हे वाक्य काढून टाका, प्लीज. ते खरं नसतं. त्या ताईचा पगार, गाडीचं पेट्रोल, ऑडिट, अकाउंटंट हे कुठून तरी येतंच, आणि असलं वाक्य टाकून आपणच देणगीदाराला शिकवतो की पगार म्हणजे उधळपट्टी. परदेशी निधी घेणाऱ्या संस्थांना एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणलीये, त्यामुळे हे ओझं आधीच वाढलंय. त्यापेक्षा उघड लिहा, यात सेविकेचं मानधन इतकं, प्रवास इतका, आहार इतका. तसंच "हे मूल दत्तक घ्या" छापाच्या योजनेत पैसा बहुतेक वेळा सगळ्या गावाच्या कामात जातो, एका मुलाच्या हातात नाही, आणि ते योग्यच आहे, पण मग तसं पहिल्याच ओळीत सांगा, तळटीपेत नको.

परदेशातल्या मंडळासाठी स्लाईड शो करताय तर एक जास्तीची काळजी. तिथे वाढलेल्या मुलांना महाराष्ट्राचं गाव पहिल्यांदा तुमच्याच स्लाईडमधून दिसणारे. पहिल्या दहा स्लाईड फक्त टंचाईच्या असतील तर त्यांच्या मनात तेच गाव राहील. गावातला माणूस व्हिडीओ कॉलवर घ्या, पाच मिनिटं त्याला बोलू द्या, प्रश्न त्याला विचारू द्या, मुलांना मराठी कमी समजत असेल तर मधे कोणीतरी सांगेल. जत्रा, शाळेचं गॅदरिंग, बचत गटाची मीटिंग, हेही दाखवा. पैसे कमी येत नाहीत त्याने.

देणारे वाचत असतील तर तुम्हालाही सांगते, तुम्ही ज्याला पैसे देता तसंच लिहिलं जातं. संस्थेला विचारा की फोटोतल्या माणसाने ही पोस्ट बघितलीये का. प्रश्नाचं कारण काय आणि सरकारचं त्यात काय काम आहे ते विचारा, नोंदणी आणि ऑडिट रिपोर्ट मागा, करसवलतीसाठी लागणारी ८०जी ची पावती मागा. चेक देताना स्वतःचा बॅनरसकट फोटो मागू नका.

आणि मोहीम संपली की काम संपत नाही. छापलेलं कॅलेंडर, ब्रोशर, व्हिडीओ, जे काही झालं ते घेऊन गावात जा आणि दाखवा. किती पैसे आले ते सांगा, कशावर जाणार ते सांगा, हे मुद्दाम म्हणते कारण गावाला बऱ्याचदा शेवटपर्यंत कळत नाही की त्यांच्या नावावर किती जमले. फोटोची एक चांगली प्रिंट त्या घरी द्या, लॅमिनेट करून, भिंतीवर लागते. कोणी म्हणालं की माझा फोटो काढून टाका तर कारण विचारायचं नाही. वेबसाईट, फेसबुक, इन्स्टा, ऑफिसच्या ड्राईव्हचं फोल्डर, फंडरला पाठवलेली प्रेझेंटेशन, डिझायनरचा लॅपटॉप, या सगळ्या ठिकाणांची यादी आधीपासून करून ठेवा, प्रत्येक फोटोच्या फाईलला नाव-गाव-तारीख-संमती कोणी घेतली असं लिहून ठेवा, म्हणजे त्या दिवशी शोधत बसावं लागणार नाही. दोन-तीन वर्षांनी सगळी संमती परत विचारा, मुलं मोठी होतात, मुलींची लग्नं ठरतात, आजार बरा झालेला असतो, आणि तेव्हा हो म्हणालेल्या माणसाला आता तो फोटो नकोसा झालेला असू शकतो.